पेलेटची भट्टी : हिवाळ्यात वारा सुटला की धूर उलटतो, माल जास्त जळतो

भट्टी_भूम

मंडळी, धाराशिव जिल्ह्यात भूम-वाशीकडच्या माळावर खव्याची भट्टी आहे. लाकूड बंद, सगळं पेलेटवर (भुसा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या). सेटअप असा : हॉपर म्हणजे पेलेटची टाकी वर, माल आपोआप घसरत जाळाच्या भांड्यात येतो, माल ढकलणारा स्क्रू नाही. हवेला १२ व्होल्टचा १२० मिमीचा चौकोनी पंखा, कॉम्प्युटरला असतो तसला. धुराडं ५ इंची, एकूण १० फूट, पत्र्याच्या वर फूटभर निघालंय, त्यावर शंकूची टोपी. गार वारा पूर्वेकडून येतो म्हणून शेडला त्या बाजूनं ताडपत्री बांधली आहे, पश्चिम उघडी. पेलेट ८ मिमी, सोयाबीनचा भुसा आणि पऱ्हाटी मिक्स.

अडचणी चार. पहाटे पेटवताना पहिली दहा-पंधरा मिनिटं धूर शेडमध्येच. वारा सुटला की जाळ एकदा दबतो, एकदा उसळतो, आणि दबला की हॉपरच्या झाकणातून धूर. जाळीवर काचेसारखी ढेप बसते, तासाभरात हवा बंद. आणि ४० लिटर दुधामागे उन्हाळ्यात १९ किलो माल लागायचा, तो आता २५-२६ लागायलाय.

पंखा वाढवला तर ढेप लवकर होते, कमी केला तर धूर. कुठून सुरुवात करावी?

पत्रा_पाईप_वेल्डिंग

दादा, पंख्याच्या बटणाला सध्या हात लावू नका. आधी ताडपत्रीचं बघा.

वारा पूर्वेचा. पूर्व बंद, पश्चिम उघडी. वारा शेडला वळसा घालून पुढं जातो तेव्हा पश्चिमेच्या अंगाला, म्हणजे आडोशाच्या बाजूला, हवेचा दाब कमी होतो. ती बाजू उघडी असल्यामुळं तोच कमी दाब शेडच्या आत येतो. मग शेड बाहेरून हवा ओढायला बघते, आणि तिच्यासाठी सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे तुमचं धुराडं. धूर उलटणारच. थंडी वाजते म्हणून वाऱ्याची बाजू बांधायची आणि आडोशाची मोकळी सोडायची, हे बहुतेक भट्ट्यांवर असंच असतं.

उलटं करा. पश्चिम बाजू तीन-चतुर्थांश झाका. पूर्वेची ताडपत्री राहू द्या, पण जमिनीपासून दीड फूट मोकळी सोडा आणि तिच्या आत तीन फुटांवर कमरेएवढा दुसरा आडोसा उभा करा, पत्रा नाहीतर विटांचा. वारा खालून आत येतो, आडोशाला धडकून मंदावतो, शेडमध्ये किंचित दाब राहतो आणि धुराड्याला मदत होते. माणसाच्या अंगावर झोत येत नाही.

शेड चारी बाजूंनी घट्ट मात्र करायची नाही. पेलेटचा धूर दिसत नसला तरी कार्बन मोनॉक्साईड असतो, आणि त्याला वास नाही.

आकडेमोड_परभणी

वरच्या म्हणण्याला आकडे जोडतो, म्हणजे धुराड्याची ताकद किती तोकडी असते ते कळेल.

धुराड्यातला वायू २०० अंश आणि बाहेर १० अंश धरा. ३ मीटर उंचीचं धुराडं साधारण १५ पास्कल ओढ देतं, म्हणजे पाण्याच्या पातळीत दीड मिलिमीटर. आता वाऱ्याचा दाब : ताशी १८ किमीचा वारा समोरून थांबवला तर त्याचा दाबही जवळपास १५ पास्कल. म्हणजे चुकीच्या बाजूनं आलेली साधी १८ किमीची झुळूक तुमच्या अख्ख्या धुराड्याची ओढ खाऊन टाकते. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ३६ किमीला ६० पास्कल. आणि तुमच्या पट्ट्यात पवनचक्क्या उगीच उभ्या केल्या नाहीत.

धुराडं दीड मीटरनं वाढवलं तर ओढ २२ पास्कलच्या आसपास जाते. फायदा आहे, पण नुसत्या उंचीनं वाऱ्याशी बरोबरी होत नाही. शेडचे दाब आणि टोपी हे आधी.

चौसाळा_ढाबा

एवढं कशाला. थंडीच्या दिवसात दूधच गार असतंय, पेलेट जास्त लागणारच की. आमच्या रश्श्याच्या पातेल्याला पण लागतंय.

आकडेमोड_परभणी

मालक, तोही हिशेब करून बघू.

४० लिटर म्हशीचं दूध म्हणजे ४१ किलो धरा. त्यातून साधारण ३२ किलो पाणी उडवायचं. एक किलो पाण्याची वाफ करायला ५४० किलोकॅलरी, म्हणजे नुसत्या वाफेला १७,३००. दूध उकळीपर्यंत न्यायला, १२ अंशावरून धरलं तर ३,३५० आणि २८ अंशावरून धरलं तर २,७५०. फरक ६०० किलोकॅलरी.

पेलेटची उष्णता किलोला ३,८०० आणि भट्टीची कार्यक्षमता ३० टक्के धरली तर एका किलोमागे कढईला १,१४० मिळतात. मग एकूण माल लागतो १८ किलो, आणि गार दुधाचा वाटा त्यात जेमतेम अर्धा किलो. थंडीचा खर्च एवढाच. पण वाऱ्यानं कार्यक्षमता ३० वरून २२ वर आली तर तेच काम पावणेपंचवीस किलोला जातं. भूमच्या दादांचा २५-२६ चा आकडा तिथं बसतो.

तेव्हा दोष थंडीचा नाही. वारा हवा बिघडवतो, कढईच्या कडेनं उष्णता पळवतो, आणि माणूस वैतागून पंखा वाढवतो. तिन्ही मिळून सहा-सात किलो जातात.

चौसाळा_ढाबा

बरं. पटलं. पण ढाब्यावर तर धुराडंच नाही, उघडी शेगडी आहे फोर्स ड्राफ्टची, म्हणजे पंख्यानं हवा देणारी. तिचं काय?

पत्रा_पाईप_वेल्डिंग

उघड्या शेगडीला पातेल्याभोवती कडं करा. २ मिमी एमएस (साधं लोखंड) पत्रा, उंची ६ इंच, पातेल्याच्या अंगापासून १० ते १२ मिमी फट. फट त्याहून कमी ठेवली तर जाळ कोंडतो आणि पातेलं काळं पडतं, २५ मिमीच्या वर गेली तर वारा आत घुसतो. पातेल्याची मापं बदलतात म्हणून कडं दोन अर्ध्या भागांत करून बिजागरीनं जोडायचं.

धुराड्याच्या भट्टीला मात्र याच्या उलट. तिथं कढईची बैठक हवाबंद पाहिजे, कारण तिथून खोटी हवा आत गेली की धुराडं गार पडतं आणि ओढ संपते. सिरॅमिक दोरी १२ मिमीची घाला, नाहीतर चिकणमाती-राख-भुश्याचा लेप. लेप आठवड्याला तडकतो, दोरी टिकते. जुन्या भट्टीतली ॲस्बेस्टॉसची दोरी असेल तर हातानं ओरबाडू नका, ओली करून अलगद काढा आणि परत तीच आणू नका.

वायरिंग_अंबड

पंख्याबद्दल कुणी बोललं नाही अजून, आणि मला तर अर्धा घोळ तिथंच दिसतो.

कॉम्प्युटरचा १२० मिमीचा पंखा हवा भरपूर हलवतो, पण अडथळ्यासमोर त्याचा दाब दोन-तीन मिलिमीटर पाण्यापुरताच. वर आकडेमोडवाल्यांनी सांगितलं की ३६ किमीचा झोत ६० पास्कल म्हणजे ६ मिमी. म्हणजे झोत समोरून आला तर पंखा फिरत राहतो पण हवा पुढं जात नाही. मागून आला तर दुप्पट हवा जाते. जाळ दबणं आणि उसळणं ते हेच.

गोल पिंजऱ्याचा, म्हणजे सेंट्रिफ्युगल ब्लोअर घ्या. १२ व्होल्टचे छोटे मिळतात, २४ वॅटचा पुरेल. दाब जास्त असल्यामुळं झोताचा फरक पडतो तो थोडाच.

दुसरं, तो ब्लोअर हवा कुठून घेतो? तोंड थेट वाऱ्याला नको. १५ किलोच्या तेलाच्या रिकाम्या डब्याला चारी बाजूंना १२ मिमीची ३०-३० भोकं पाडा, आत ३ इंची पाईप बसवून ब्लोअरला जोडा. ३ इंची पाईपचं क्षेत्रफळ साधारण ४५ चौ. सेमी, १२० भोकांचं १३५. तिप्पट झालं, हवा गुदमरत नाही. वारा एका बाजूच्या भोकांतून घुसतो आणि दुसऱ्या बाजूनं निघून जातो, डब्यातला दाब साधारण एकसारखा राहतो. डबा शेडच्या आतच ठेवा, जमिनीपासून फूट-दीड फूट वर, नाहीतर राख ओढतो.

तिसरं व्होल्टेज. रब्बीत हरभऱ्या-गव्हाला पाणी सुरू झालं की पंपांमुळं व्होल्टेज पार पडतं. ज्यांचा ब्लोअर २३० चा एसी आहे तो १७० वर आला की वेग कमी आणि वाइंडिंग गरम. भट्टी सेट केलेली असते २३० वर, म्हणून मोटारी सुरू झाल्या की धूर. बॅटरीवर चालवलं की हा प्रश्न मिटतो. २४ वॅट म्हणजे २ अँपिअर, ४० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी अर्धीच वापरली तरी १० तास.

पण बॅटरीसुद्धा चार्ज होताना १४.४ आणि उतरल्यावर ११.८ दाखवते, तेवढ्यानं वेग बदलतोच. मध्ये बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवून कायम ठेवणारं सर्किट) घालून बाहेर १० व्होल्ट कायम करा. बॅटरी कशीही असो, ब्लोअरला दहाच. वेगाचा पीडब्ल्यूएम रेग्युलेटर त्याच्या पुढं.

भट्टी_भूम

हे बरं सांगितलं. पश्चिम बाजू उद्याच झाकून घेतो. हॉपरमधून धूर येतो त्याचं काय करावं? आणि ढेप?

पेलेट_औसा

ढेपेचं मी सांगतो, माल बनवण्यातला आहे.

ढेप म्हणजे वितळलेली राख. नुसती माती आणि वाळू जाळीवर सहज वितळत नाही, पण पोटॅश मिसळला की ८००-१००० अंशाच्या दरम्यान ती चिकट होते आणि गार झाली की काच. सोयाबीनच्या भुश्यात पोटॅश भरपूर. पऱ्हाटी मुळासकट उपटून आणली असेल तर मुळाला काळी माती चिकटून येते, ती सिलिका. तुमच्या मिश्रणात दोन्ही आहेत, म्हणून ढेप पक्की.

राखेचा अंदाज देतो. लाकडाच्या भुश्याचा पेलेट एक-दोन टक्के, शेंगांची टरफलं दोन ते पाच, पऱ्हाटी चार ते सहा, सोयाबीन भुसा पाच ते आठ, भाताचं तूस पंधरा-वीस. तूस मिसळलेला माल खव्याच्या भट्टीला घेऊच नका. औष्णिक वीज केंद्रासाठी बनलेला मालही स्वस्तात फिरतो, त्यांना राख जास्त असली तरी चालते, तुमच्या जाळीला चालत नाही.

सोयाबीन ३० टक्क्यांच्या आत ठेवा, उरलेलं लाकडाचा भुसा किंवा तुराट्या. तेवढ्यानं बराच फरक पडतो. एक पोतं वेगळं जाळून राख बघून मगच लोड घ्या. राख भुरभुरीत, करडी-पांढरी पाहिजे. बोटात दाबली की खडे लागले तर माल परत.

आणि वाऱ्याचा ढेपेशी संबंध आहे बरं का. झोतानं खालची हवा वाढली की जाळीवरचे निखारे धगधगतात, तापमान त्या ८००-१००० च्या पट्ट्यात जातं आणि राख वितळते. पंखा वाढवला की ढेप लवकर होते असं तुम्हीच लिहिलंय, कारण हेच.

आता ओलावा. हिवाळ्यात धुई पडते, पहाटे दव असतं. पोती फरशीवर ठेवली की खालची पोती ओल धरतात. लाकडी फळ्यांवर ४ इंच उचलून, भिंतीपासून हातभर लांब. उघडलेलं पोतं रात्री हॉपरमध्ये तसंच ठेवायचं नाही, हॉपर रिकामं करून झाकायचं. पेलेटमध्ये ओलावा १० टक्क्यांच्या आत पाहिजे. मोजायचं असेल तर १०० ग्रॅम पेलेट डिजिटल काट्यावर घ्या, १०५ अंशाच्या आसपास तीन-चार तास ओव्हनमध्ये ठेवा, परत तोला. ९२ भरले तर ओलावा ८ टक्के. ८८ भरले तर तो माल धुराचा. घाईत असाल तर एक पेलेट मोडून बघा, कोरडा पेलेट कट्‌ करून तुटतो, ओला वाकून सुटतो. पाण्यात टाकलेला चांगला पेलेट बुडतो, तरंगला तर दाब कमी दिलेला.

भुगा चाळून काढा. ३ मिमीची चाळणी, शंभर किलोला पाच किलोच्या वर भुगा निघाला तर व्यापाऱ्याशी बोला. भुगा हॉपरच्या गळ्यात दबून बसतो, माल अडकतो, भांडं रिकामं पडतं आणि मग एकदम ढासळतो. त्या क्षणी काळा धूर.

पत्रा_पाईप_वेल्डिंग

हॉपरचा धूर : धुराडं उलटलं की भांड्यातला दाब वाढतो, आणि वरच्या मालातून धूर झाकणाकडं निघतो. तो धूर मालाला डांबर लावतो, पेलेट एकमेकांना चिकटतात, आणि जाळ हॉपरकडं चढायला वाट होते. हलक्यात घ्यायचं काम नाही.

तीन कामं. झाकणाला सिलिकॉनचं गॅस्केट आणि दोन टॉगल क्लॅम्प. ब्लोअरच्या बाहेरच्या पाईपमधून अर्धा इंची नळी काढून हॉपरच्या वरच्या भागात सोडा, म्हणजे हॉपरमध्ये भांड्यापेक्षा किंचित जास्त दाब राहतो आणि धूर वर चढत नाही. झाकण हवाबंद नसेल तर या नळीचा उपयोग शून्य. तिसरं, हॉपर आणि भांड्याच्या मध्ये सरकतं शटर, ३ मिमी पत्र्याचं, हाताला बाहेर मूठ.

लाईट गेली, ब्लोअर थांबला की शटर आधी बंद. हॉपरनं पेट घेतलाच तर कोरडी वाळू किंवा राख. पाणी ओतलं तर पेलेट फुगून गळा जाम होतो आणि तापलेलं भांडं तडकतं. वाळूची बादली भट्टीपासून सहा पावलांच्या आत.

कुक्कुट_ताई

कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायच्या ब्रूडिंग शेडला पेलेटचा हॉट एअर लावायचा विचार आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३२ ते ३४ अंश लागतात. हेच सगळं तिथंही लागू होतं का?

आकडेमोड_परभणी

ताई, ओढीचं आणि हवेचं सगळं लागू. पण भट्टी शेडच्या बाहेर आणि मध्ये हीट एक्स्चेंजर (धूर न मिसळता हवा तापवणारा) हवाच. धुराची हवा पिल्लांवर सोडायची नाही, कितीही स्वच्छ दिसली तरी. एक्स्चेंजरची जोडणी दर बॅचआधी तपासा : भट्टी बंद ठेवून धुराच्या बाजूला उदबत्त्यांचा धूर सोडा, ब्लोअर लावा, शेडच्या बाजूला वास आला तर वेल्ड फुटलाय.

पडदे पूर्ण खालून वर घट्ट बांधू नका, वर वीतभर फट राहू द्या. अमोनिया आणि ओल दोन्ही तिथूनच जातात. आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत जाताना पेलेटचा फीड कमी करा, नुसती हवा कमी करू नका. नुसती हवा कमी केली की धुमसतं.

कुक्कुट_ताई

समजलं. स्क्रू फीडरचा टायमर कसा ठेवावा?

आकडेमोड_परभणी

आधी स्क्रूची क्षमता मोजा. मोटार सुरू ठेवून ५ मिनिटं माल बादलीत पडू द्या, तोला, बाराने गुणा. तासाला १२ किलो भरला आणि तुम्हाला ४ किलो हवेत तर एक-तृतीयांश वेळ चालू. पण २० सेकंद चालू, ४० बंद असं नका ठेवू, ५ चालू १० बंद ठेवा. छोटे घास दिले की जाळ एकसारखा राहतो. माल बदलला की मोजणी परत करायची, ६ मिमीचा आणि ८ मिमीचा पेलेट स्क्रूत सारखा भरत नाही.

भट्टी_भूम

आता सेटिंगचा क्रम सांगा कुणीतरी. वारा असताना सेट करावं की नसताना?

पत्रा_पाईप_वेल्डिंग

वारा पडलेला असताना, पहाटे. भट्टी स्वच्छ, माल चाळलेला. तासाला ६-७ किलो जळणाऱ्या भांड्याला, थोडी जादा हवा धरून, साधारण ५० घनमीटर हवा लागते. त्यातली पाव ते एक-तृतीयांश खालून जाळीतून आणि उरलेली वरच्या भोकांतून. खालची हवा माल किती वेगानं जळणार ते ठरवते, वरची हवा धूर जाळते. बरेच जण उलटं करतात, धूर दिसला की खालची वाढवतात. त्यानं अजून धूर सुटतो, वर ढेप फुकट.

पेटवायला भांड्यात २०० ग्रॅम पेलेट, वर गोवरीचा तुकडा किंवा तुराटीच्या काड्या आणि कापूर. डिझेल-पेट्रोल अजिबात नाही. ब्लोअर पहिली ५-७ मिनिटं सगळ्यात कमी. जाळ धरल्यावर हॉपरचं शटर उघडा, २० मिनिटं काही बदलू नका. भट्टीचं अंग तापल्याशिवाय जाळाचा रंग खरा दिसत नाही.

मग वरची हवा हळूहळू उघडत जा. जाळ लांब, आळशी, केशरी आणि टोकाला काळा म्हणजे हवा कमी. आखूड, पांढरट, फुरफुर आवाज आणि ठिणग्या, हलके पेलेट उडून बाहेर, म्हणजे हवा जास्त. पिवळाधमक, चपळ आणि कढईच्या बुडाला टेकून पसरणारा जाळ मिळाला की थांबा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि १५ मिनिटं द्या. मिळालेल्या जागी रेग्युलेटरवर आणि डँपरवर (हवेच्या झडपेवर) रंगानं खूण करा. जोराच्या वाऱ्यात त्याच खुणेवरून थोडं इकडं-तिकडं होईल, त्याची दुसऱ्या रंगाची खूण. दोन खुणा पुरतात.

राखेत काळे कोळशाचे तुकडे निघाले तर माल जास्त पडतोय किंवा जाळीची भोकं बुजलीत.

वायरिंग_अंबड

भोकांवरून एक. ६ मिमीच्या भोकात आतून १ मिमी थर बसला की भोक ४ मिमीचं होतं, आणि क्षेत्रफळ ४४ टक्क्यांवर येतं. म्हणजे निम्म्याहून जास्त हवा गेली. दिसायला मात्र भोक उघडंच दिसतं. म्हणून रोज सकाळी गार भट्टीत ६ मिमीच्या ड्रिल बिटनं, हातानं फिरवून. सायकलची तार नुसती आरपार जाते, थर काढत नाही.

पत्रा_पाईप_वेल्डिंग

बरोबर. रोज : भोकं, जाळी, राखेचा ट्रे. भट्टी चालू असताना दर ३०-४० मिनिटांनी जाळी हलवणं, ढेप मऊ असतानाच निघते. आठवड्याला : धुराड्याच्या तळाचं टी (T आकाराचा जोड) उघडून काजळी काढणं, कढईचं बूड घासणं, ब्लोअरच्या पात्यांवरची धूळ ब्रशनं. पात्यांवर थर एका बाजूला जास्त बसला की ब्लोअर थरथरतो आणि बेअरिंग जातं. महिन्याला : तारेचा ब्रश वरून खाली, दोरी आणि गॅस्केट बघणं. एमएसचं भांडं हंगामात पातळ होतं, ३ मिमीचं दीड झालं की बदला. परवडलं तर एसएस ३१० घ्या, ३०४ पेक्षा जास्त ताप सोसतं.

भट्टी_भूम

धुराड्याच्या सांध्यातून सकाळी काळं पाणी गळतं, ते राहिलंच.

पत्रा_पाईप_वेल्डिंग

धुराडं गार आहे म्हणून वाफ पाईपमध्येच पाणी होते, काजळीसकट. सांधे उलटे बसवलेत तुम्ही. वरच्या पाईपचं निमुळतं टोक खालच्या पाईपच्या आत गेलं पाहिजे, म्हणजे पाणी आतल्या आत खाली टीमध्ये येतं. पत्र्याच्या वरच्या भागाला २५ मिमी रॉकवूल गुंडाळून वर जीआयचं (जस्त चढवलेल्या पत्र्याचं) कव्हर. पाईप ५ इंचीच राहू द्या. मोठा केला तर वायू सावकाश चढतो आणि अजून गार होतो.

पहाटेचा धूरही यातलाच. रात्रभर गार झालेल्या धुराड्यात जड हवा बसलेली असते. टीचं झाकण उघडून तिथं वर्तमानपत्राचे दोन बोळे पेटवा, दोन-तीन मिनिटं. ओढ सुरू झाली की झाकण लावून मग भट्टी पेटवा.

आकडेमोड_परभणी

ओढ आहे की नाही हे डोळ्यांनी बघायचं साधन शंभर-दीडशे रुपयांत होतं. छोट्या बाटलीत रंगीत पाणी, साबणाचा एक थेंब घालून. बाटलीतून ५-६ मिमीची पारदर्शक नळी काढून फळीवर तिरकी ठोका, १० सेमीला १ सेमी चढ. नळीचं वरचं टोक धुराड्याला, टीच्या फूटभर वर ६ मिमीचं भोक पाडून. पहिली वीतभर तांब्याची नळी घाला नाहीतर प्लास्टिक वितळेल. बाटलीचं तोंड मोकळं. चढ दहाला एक असल्यामुळं १ मिमी ओढ नळीत १० मिमी दिसते.

चालू भट्टीला १० ते १५ मिमी पुढं सरकलेलं पाणी म्हणजे ठीक. झोत आल्यावर पाणी मागं गेलं तर धूर उलटतोय. आणि ३०-४० मिमी पुढं पळालं तर उलट आजार : वारा टोपीवरून वेगानं जाऊन धुराडं जास्त ओढतोय, उष्णता कढईला न लागताच वर निघून जाते. दोन्हींचे उपाय वेगळे. मागं जाणाऱ्याला शेडचे दाब, उंची आणि टोपी. पुढं पळणाऱ्याला बॅरोमेट्रिक डँपर, म्हणजे टीच्या आडव्या तोंडावर वजन लावलेली झुलती झडप. ओढ वाढली की झडप आपोआप उघडून शेडची हवा पाईपमध्ये घेते. मागं जाणाऱ्या धुराड्याला ही झडप लावली तर तिथूनच धूर बाहेर येईल, त्यामुळं मोजल्याशिवाय बसवू नका.

भट्टी_भूम

टोपी मग कोणती? वरती गोल फिरणारा टर्बो लावा असं एक जण म्हणतोय.

पत्रा_पाईप_वेल्डिंग

टर्बो शेडच्या गरम हवेसाठी असतो. धुरात त्याचं ग्रीस जळतं, काजळीनं जाम होतो आणि थांबलेला टर्बो म्हणजे बूचच. शंकूची टोपी ठेवायची तर तिची फट तपासा. ५ इंची पाईपला हिशेबानं सव्वा इंच फट पुरते, पण काजळी धरून अडीच इंच ठेवावी. बऱ्याच तयार टोप्यांत इंचभरच असते.

माळावर एच टोपी चांगली. आडवा पाईप १५ इंच, त्याच्या मध्यावर खालून तुमचं धुराडं येतं, आणि दोन्ही टोकांना उभे पाईप १५-१५ इंचाचे, वर आणि खाली उघडे. सगळं ५ इंचीच. कोणत्याही दिशेचा झोत उभ्या पाईपमधून आरपार जातो, आतल्या वायूवर दाबत नाही. पाऊस पडला तर खालच्या तोंडातून बाहेर.

उंची पण वाढवा. पत्र्यातून जिथं निघतं तिथून किमान ३ फूट वर, आणि १० फुटांच्या आत जे काही उंच आहे, झाड, टाकी, शेडचा कणा, त्याहून २ फूट वर.

भट्टी_भूम

एच टोपीचं वजन वर गेलं की पाईप हलणार नाही का?

पत्रा_पाईप_वेल्डिंग

हलणार. टोपीच्या खाली फूटभर अंतरावर पट्टीची क्लॅम्प, तिला तीन कड्या, आणि १२०-१२० अंशांवर ४ मिमीच्या जीआय तारा टर्नबकल (ताण द्यायचा आट्याचा जोड) लावून. तारा पत्र्याला नाही, खालच्या अँगलला बांधा. पत्र्यातून पाईप जातो तिथं चारी बाजूंना २ इंच मोकळी जागा ठेवून वरून कॉलर, कारण तापल्यावर पाईप लांब होतो. तारा भट्टी गरम असताना शेवटच्या ताणायच्या, गार असताना घट्ट केल्या तर तापल्यावर वर सरकणाऱ्या पाईपला त्या अडवतात.

भट्टी_भूम

अँगल ४० x ४० चा आहे, चालेल ना?

पत्रा_पाईप_वेल्डिंग

४० x ४० x ५ असेल तर चालेल. ३ मिमी जाडीचा असेल तर जोडाच्या ठिकाणी गसेट प्लेट (कोपऱ्याला मजबुतीची पट्टी) मारून घ्या.